दोन तुकड्यांच्या स्वस्त केंटकी रायफलीला एकसंध दस्ता बसवावा का, आणि बसवायचा तर काम कोठून सुरू करावे?

सस्केहाना (लँकेस्टर काउंटी, पेनसिल्व्हेनिया)

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे स्पेनमध्ये बनलेली, केंटकी धाटणीची, ठासणीची एक साधी रायफल आहे. कॅलिबर .५०, नळी अष्टकोनी आणि ३३.५ इंच लांब, समोरासमोरच्या पैलूंमधील जाडी ७/८ इंच, आणि आतील पीळ ६६ इंचांत एक फेरा. ठिणगी गारगोटीची. इकडे नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा जो हंगाम असतो, त्यात गारगोटीच्या बंदुकीशिवाय दुसरी बंदूक चालत नाही. १९७४ साली सुरू झालेल्या या हंगामासाठीच ही रायफल मी जुनी विकत घेतली.

नळीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. .४९० ची शिशाची गोळी आणि .०१५ इंच जाडीचे कापड वापरले, की पन्नास यार्डांवर ती समाधानकारक मारा करते. दस्ता मात्र मला मुळीच पटत नाही. तो बीच लाकडाचा असून दोन तुकड्यांत आहे. खांद्याकडचा भाग आणि नळीखालचा पुढचा भाग लॉकच्या (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेच्या) थोडे पुढे एकत्र येतात आणि तो सांधा पितळी पट्टीने झाकलेला आहे. हवा बदलली की सांध्यातली फट कमी-जास्त होते. मूठ बोजड आहे, नेम धरताना गाल जिथे टेकतो ती कड फार उंच आहे, आणि लाकडावर तांबूस व्हार्निशचा इतका जाड थर आहे की खालच्या रेषा दिसतच नाहीत. शिवाय लॉक अधूनमधून दगा देते आणि चाप जड आहे.

सुतारकामाचा मला सराव आहे. घरातली टेबले, कपाटे मी स्वतः केली आहेत आणि पटाशी, रंधा, स्क्रेपर ही हत्यारे हातात बसलेली आहेत. बंदुकीचा दस्ता मात्र कधी केलेला नाही. माझे प्रश्न असे आहेत. या नळीसाठी मेपलचा एकसंध दस्ता करणे खर्चाच्या आणि कष्टाच्या मानाने योग्य ठरेल का? कोरा ठोकळा घ्यावा की अर्धवट कोरलेला तयार दस्ता? आणि लॉक बदलायचे झाल्यास ते दस्त्याच्या आधी की नंतर?

रेषांकित (ओहायो)

सस्केहाना, प्रश्न नेमका विचारल्याबद्दल आभार.

पहिली गोष्ट सुरक्षिततेची आहे, आणि ती तुम्हाला ठाऊक असली तरी हा धागा वाचणाऱ्या सर्वांसाठी लिहितो. जुनी विकत घेतलेली ठासणीची बंदूक कामाच्या टेबलावर येण्याआधी ती भरलेली नाही याची खात्री गजाने करून घ्यावी. गज नळीत तळापर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी, मग तोच गज नळीच्या बाहेरून धरून ती लांबी कानाच्या (नळीत आग शिरण्याच्या बारीक छिद्राच्या) जागेपर्यंत पोहोचते का ते पाहावे. दोनेक इंच कमी पडत असतील, तर आत कोणीतरी जुना बार ठासून ठेवलेला आहे असे समजावे. ठासणीच्या बंदुका वर्षानुवर्षे भरलेल्याच भिंतीवर टांगून ठेवलेल्या सापडतात, त्यामुळे ही सवय कधीही सोडू नये. दुसरे म्हणजे, या नळीत फक्त काळी दारू किंवा तिच्या जागी वापरण्यासाठीच बनवलेली पर्यायी दारू चालते. बिनधुराची आधुनिक दारू चिमूटभरसुद्धा चालत नाही. नळीवर स्पेनमधील एबारच्या चाचणीगृहाचा शिक्का आहे ना, तेही पाहून घ्या. ब्रीच प्लग (नळीचे मागचे तोंड बंद करणारे बूच) उघडण्याच्या फंदात पडू नका, कारण या प्रकारच्या नळ्यांत तो कारखान्यातच घट्ट बसवलेला असतो आणि दस्त्याच्या कामासाठी तो काढण्याची गरजही नसते.

आता मुख्य प्रश्न. लाकूड, लॉक, चाप आणि किरकोळ सामान यांचा खर्च जमेस धरला, तर तुम्ही संगणकीय यंत्रावर कोरलेल्या चांगल्या किटच्या किमतीच्या जवळ जाल, आणि ते किट बंदूक म्हणून कदाचित सरसच ठरेल. तेव्हा केवळ चांगली बंदूक हवी असेल, तर मी नवा दस्ता करण्याचा सल्ला देणार नाही. पण तुम्हाला दस्ता करायला शिकायचे असेल, तर याहून चांगली संधी नाही, कारण हातात गुण सिद्ध झालेली नळी आहे आणि बिघडले तर मौल्यवान काही वाया जाणार नाही. तुमच्या लिहिण्यावरून मला दुसरे कारण खरे वाटते, म्हणून पुढचे सविस्तर लिहितो.

दोन तुकड्यांचा दस्ता करण्यामागे कारखान्याचा हिशेब सरळ असतो. चार-पाच फूट लांब, सरळ, निर्दोष आणि वाळलेला लाकडाचा ठोकळा महाग पडतो, तर आखूड तुकडे सहज मिळतात. केंटकी रायफल मुळात घडवणाऱ्या लँकेस्टरच्या जुन्या कारागिरांपुढे ही अडचण नव्हती. आजूबाजूच्या रानात मेपल मुबलक होते, आणि जर्मन प्रदेशातून आलेल्या या लोहारांनी आपली आखूड, जाड नळीची शिकारी रायफल इथे येऊन लांब आणि सडपातळ केली. त्यांच्या नळ्या बहुधा ४२ ते ४६ इंचांच्या आणि मध्यभागी किंचित बारीक होत जाणाऱ्या असत. तुमची नळी आखूड आहे आणि टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीची आहे. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण अशा नळीवर पितळी नक्षीचा पॅचबॉक्स (दस्त्यातली झाकणाची छोटी पेटी), चांदीची जडावाची कामे आणि कोरीव वेलबुट्टी चढवली, तर बंदूक अवघडलेली दिसते.

या नळीला माझ्या मते शोभेल ती पेनसिल्व्हेनियातल्याच शेतकऱ्यांची साधी बंदूक, जिला तुमच्या भागातले संग्राहक 'शिमेल' म्हणतात. बर्क्स आणि लीहाय काउंट्यांकडे एकोणिसाव्या शतकात अशा बंदुका पुष्कळ बनल्या. पॅचबॉक्स नाही, नक्षी नाही, अनेकदा दस्त्याच्या टोकाला धातूची पट्टीसुद्धा नाही. सारे सौंदर्य फक्त रेषेत. नाझरेथजवळ जेकब्सबर्ग येथे पेनसिल्व्हेनिया लाँगरायफल संग्रहालय आहे. तुम्हाला ते दूर नाही. तिथल्या बंदुकांची मूठ कशी निमुळती होत दस्त्यात मिसळते, लॉकभोवती लाकूड किती कमी ठेवलेले असते, हे डोळ्यांनी पाहून मगच पेन्सिल हातात घ्या. नवशिक्याचा दस्ता ओळखू येतो तो जास्तीच्या लाकडामुळे. काढायला भीती वाटते म्हणून तो ते ठेवून देतो.

ठोकळा की अर्धवट कोरलेला दस्ता, या प्रश्नाला माझे उत्तर असे की नळीची खाच आणि गजाचे लांब छिद्र तेवढे यंत्रावर करून घेतलेला, बाहेरून चौकोनीच असलेला ठोकळा घ्यावा. तयार कोरलेल्या दस्त्यात लॉकची जागा आणि मुठीचा उतार आधीच ठरलेला असतो, आणि तुमच्या नळीचा कान त्या जागेशी जुळेलच असे नाही. गजाचे छिद्र मात्र लांब गिरमिटाने हाताने पाडताना भरकटते. नळी आणि गज यांच्या मध्ये लाकडाची जी पट्टी उरते ती जेमतेम १/८ इंचाची असावी लागते, म्हणून हे एक काम यंत्रावर सोपवण्यात काहीही कमीपणा नाही.

लाकूड निवडताना पट्टेदार रेषांपेक्षा मुठीतल्या तंतूंची दिशा आधी पाहा. तंतू मुठीच्या लांबीला समांतर धावले पाहिजेत. ते आडवे कापले जात असतील, तर दस्ता नेमका तिथेच मोडणार, मग पट्टे कितीही देखणे असोत. शुगर मेपल कठीण असते आणि त्यात कडा स्वच्छ निघतात. रेड मेपल थोडे मऊ असते आणि कधी कधी त्यात पट्टे फार सुंदर येतात, परंतु पटाशीखाली ते दबते. पहिल्या कामाला मध्यम पट्ट्यांचे शुगर मेपल घ्यावे. अक्रोडही उत्तम आणि कोरायला सोपे, पण तुमच्या काउंटीच्या परंपरेत मेपलच शोभते.

कोरण्याचा क्रम मात्र बदलू नये. आधी नळी, मग टँग (नळीच्या मागून निघून मुठीवर बसणारी धातूची पट्टी), मग लॉक, मग चाप, आणि त्यानंतर बाहेरचा आकार. बाहेरचा आकार आधी दिला, तर आतल्या कामासाठी ठोकळा शिकंज्यात धरायला सपाट बाजूच उरत नाहीत, आणि सगळी मापे ज्यांच्यावरून घ्यायची त्या काटकोनी कडाही जातात.

यंत्राने केलेली खाच नेहमी किंचित कमी खोल असते, त्यामुळे शेवटचे बसवणे हातानेच करावे लागते. मी दिव्याच्या काजळीत तेलाचा थेंब मिसळतो आणि तिचा अगदी पातळ हात नळीच्या खालच्या पैलूंवर फिरवतो. नळी सरळ खाली दाबायची, लाकडी हातोडीने एकदा हलके ठोकायचे आणि सरळच वर उचलायची. खाचेत जिथे काळे ठिपके उमटतात तिथेच लाकूड टेकते आहे. तेवढेच ठिपके स्क्रेपरने खरवडायचे, बाकी कशालाही हात लावायचा नाही. सुरुवातीला दोन-चार मोठे डाग दिसतात. मग ते फुटून लहान होतात, वाढतात, आणि शेवटी सगळ्या खाचेत एकसारखी करडी छटा पसरते. ती दिसली की नळी बसली. सर्वांत जास्त वेळ नळीच्या मागच्या तोंडाला द्या. धक्का तिथून लाकडात जातो, म्हणून ते तोंड पूर्णपणे लाकडावर टेकले पाहिजे. टँगच्या मागच्या टोकापाशी मात्र कागदाच्या जाडीची मोकळी जागा ठेवावी. तिथे टँग टेकली, तर प्रत्येक बाराबरोबर ती पाचरीसारखी मुठीत घुसते आणि वर्षा-दोन वर्षांत मुठीवर केसासारखी चीर दिसू लागते.

लॉकबद्दल इथे दुसरे लोक माझ्याहून अधिक जाणतात. एवढेच सांगतो की नवे लॉक घ्यायचे असेल, तर ते दस्त्याच्या आधी हातात हवे.

गारचकमक (उत्तर कॅरोलिना)

वरचा प्रतिसाद मला जवळजवळ सर्वस्वी मान्य आहे, फक्त एका मुद्द्यावर मी अधिक ठाम आहे. सस्केहाना, तुमच्या रायफलीत सुधारणेला खरा वाव लॉकमध्ये आहे, लाकडात नंतर. गारगोटीच्या बंदुकीत चाप ओढल्यापासून बार उडेपर्यंतचा वेळ जाणवण्याइतका असतो, आणि तो वेळ जितका लांबतो तितका नेम हलतो. दस्ता कितीही सुंदर केला तरी ते त्याने सुधारणार नाही.

म्हणून आधी आहे तेच लॉक नीट तपासा. पुष्कळ वेळा दोष लॉकचा नसून गारगोटीचा असतो. गारगोटी चामड्याच्या पट्टीत गुंडाळून घोड्याच्या जबड्यात अशी बसवावी की अर्ध्या चापावर (घोडा अर्धाच मागे ओढून अडकवलेला असताना) तिची धार, जिच्यावर घासून ठिणग्या पडतात त्या पोलादी झडपेच्या अगदी जवळ, पण न टेकता राहील, आणि ती धार झडपेच्या तोंडाला पूर्ण लांबीने समांतर असेल. एका कोपऱ्याने घासली, तर ठिणग्या निम्म्याच पडतात. इंग्लंडमधील ब्रँडनची काळी आणि फ्रान्सची मधाळ रंगाची, अशा दोन्ही गारगोट्या चांगल्या असतात. यंत्राने कापलेल्या गुळगुळीत दगडांपेक्षा हाताने फोडलेल्या गारगोटीची धार मला नेहमीच सरस वाटली आहे.

यानंतर अंधाऱ्या खोलीत, बंदूक भरलेली नाही याची पुन्हा खात्री करून आणि दारू खोलीच्या बाहेर ठेवून, नुसतेच लॉक चालवून पाहा. ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, चुरचुर आवाज करणाऱ्या आणि थेट रंजकाच्या (कानाबाहेर पेटवण्यासाठी घातलेल्या बारीक दारूच्या) वाटीत पडणाऱ्या हव्यात. लालसर आणि लगेच विझणाऱ्या ठिणग्या पडत असतील, तर झडपेचे पोलाद मऊ आहे आणि ती पुन्हा कडक करून घ्यावी लागेल. स्वस्त लॉकमध्ये हा दोष वारंवार आढळतो. सुदैवाने तो बरा करता येतो.

नळीच्या कानाचे छिद्र १/१६ इंच असावे. ते ५/६४ इंचापर्यंत वाढवणारे लोक आहेत, पण त्यापुढे जाऊ नये, कारण मग जोर कानातून वाया जातो आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसालाही धोका होतो. वाटी रंजकाने तुडुंब भरू नये. कान दारूखाली गाडला गेला, तर ज्वाळा आत एका क्षणात शिरण्याऐवजी वातीसारखी जळत जाते आणि बार उशिरा उडतो.

आतल्या भागांपैकी जे भाग एकमेकांवर घासतात ते बारीक दगडाने गुळगुळीत करायला हरकत नाही. कमानीचे (स्प्रिंगचे) टोक जिथे सरकते ती जागा आणि लॉकच्या पट्टीची आतली बाजू एवढीच कामे पुरेशी असतात. टम्बलरवरील (घोड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागावरील) खाचांचे कोन मात्र कानसने कधीही बदलू नका. चाप हलका करण्याच्या नादात अर्ध्या चापाची खाच झिजवली, तर बंदूक हातात धरण्याच्या लायकीची राहत नाही.

चाप हलका करण्याचा खरा मार्ग दस्त्यातच आहे, आणि म्हणून नवा दस्ता करणार असाल तर ही संधी सोडू नका. साधा चाप लाकडातून आरपार जाणाऱ्या खिळीवर फिरतो. ही खीळ वर, सीअरच्या (घोडा अडवून धरणाऱ्या खिट्टीच्या) दांडीच्या पातळीजवळ आणि तिच्यापासून थोड्याच अंतरावर ठेवली, तर तरफेचा फायदा मिळतो आणि लॉकला हातही न लावता चाप निम्म्याने हलका वाटतो. कारखान्याच्या दस्त्यात चाप बहुधा खालच्या धातूच्या पट्टीतच अडकवलेला असतो, म्हणजे खीळ खाली राहते आणि चाप जड होतो.

लॉकची जागा ठरवताना तुमच्यावर एक बंधन आहे. नळीला कान आधीच पाडलेला आहे, त्यामुळे लॉक कोठे बसवायचे हे तो कान ठरवेल. झडप मिटल्यावर वाटीच्या वरच्या कडेची रेषा कानाच्या मध्यातून जाईल आणि कान वाटीच्या मधोमध येईल, अशी जागा शोधा. वेगळ्या बनावटीचे लॉक घेतले, तर त्याची वाटी जुन्या लॉकपेक्षा पुढे-मागे असू शकते. ते आधी कागदावर आखून पाहावे.

रंगछटा (ऑस्टिन, टेक्सास)

मी रसायनशास्त्र शिकवते आणि दस्त्यांना रंग देणे हा माझा छंद आहे, म्हणून फक्त शेवटच्या टप्प्याबद्दल लिहिते.

पट्टेदार मेपलला दुकानातला लाकडी रंग लावू नका. तो पृष्ठभागावर बसतो आणि पट्टे झाकोळून टाकतो. जुन्या बंदुकांचा तो खोल तपकिरी-तांबूस रंग नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेल्या द्रावणाचा असतो. द्रावण लावल्यावर लाकूड आधी हिरवट-करडे आणि अगदी निराशाजनक दिसते. मग गरम हवेच्या यंत्राने ते सावकाश तापवले, की डोळ्यांदेखत रंग पालटतो, कारण उष्णतेने लोहक्षाराचे विघटन होऊन लोहाचे ऑक्साइड तंतूंमध्येच रुतून बसते. पट्ट्यांच्या जागी तंतू वळून पृष्ठभागाकडे टोके करतात, तिथे द्रावण अधिक शोषले जाते, आणि म्हणून तेच पट्टे अधिक गडद होतात. हा रंग लाकडाच्या आतला असल्यामुळे वापराने झिजला तरी कुरूप दिसत नाही.

हे द्रावण घरी बनवू नका, तयार विकत घ्या. तापवताना निघणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा धूर फुप्फुसांना घातक असतो, तेव्हा हे काम अंगणात, वारा पाठीशी घेऊन, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे. रंग आल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने लाकूड पुसून उरलेले आम्ल निष्प्रभ करावे, नाहीतर काही महिन्यांनी हिरवट झाक परत येते. आधी त्याच ठोकळ्याच्या उरलेल्या तुकड्यावर करून पाहा, कारण प्रत्येक झाडाचा रंग वेगळा उतरतो.

रंगाआधीचा पृष्ठभाग शेवटी स्क्रेपरने करावा, नुसत्या पॉलिश पेपरने नाही. ओल्या फडक्याने पुसून उभे राहिलेले तंतू दोन-तीनदा काढून टाकावेत. त्यानंतर उकळलेल्या जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात, प्रत्येक हात पुरता वाळू देऊन. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणून तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली, तर ती आपोआप पेटू शकतात. ती बाहेर सपाट पसरून वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून ठेवावीत. ही सूचना मी वर्गात आणि घरात सारख्याच आग्रहाने देते.

नळीचा निळा रंग या दस्त्यावर परका दिसेल. पांढऱ्या व्हिनेगरने तो उतरवता येतो, आणि मग हळूहळू गंज चढवून तपकिरी करता येतो. नळीचे तोंड आणि कान आधी नीट बंद करून घ्या.

कर्लीवरचा (कुडाळ, सिंधुदुर्ग)

सर्वांनी फार मनापासून लिहिले आहे. मी या कामातला नाही, पण भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते.

आमच्या तालुक्यात शेतीसंरक्षणासाठी परवाना असलेल्या ठासणीच्या बंदुका अजून घराघरांत आहेत. त्या पीळ नसलेल्या, केपावर चालणाऱ्या, आणि परवान्यावर 'एसबीएमएल' (एकनळी ठासणीची बंदूक) अशी नोंद असलेल्या असतात. अमेरिकेत अशा बंदुकीकडे संघीय कायदा वेगळ्या दृष्टीने पाहतो असे दिसते. इकडे मात्र ती शस्त्र अधिनियम १९५९ खाली पूर्णपणे शस्त्र आहे. तिच्या परवान्याची आणि दुरुस्तीची शिस्त २०१६ च्या शस्त्र नियमांत आहे. म्हणून इकडच्या कोणीही वरील वाचून घरच्या बंदुकीचा दस्ता स्वतः किंवा गावच्या सुताराकडून उतरवून घेऊ नये. ते काम परवानाधारक दुरुस्तीकाराकडेच द्यावे.

माझा प्रश्न पावसाळ्याचा आहे. निवडणुकीच्या काळात आमच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा असतात, आणि जून-जुलैत त्या परत येतात तेव्हा दमट हवेने लाकूड फुगून नळीच्या खिळी निघता निघत नाहीत. पेनसिल्व्हेनियातही उन्हाळा दमट आणि हिवाळा कोरडा असतो, असे ऐकतो. एकसंध लांब दस्त्यात हा त्रास वाढणार नाही का?

रेषांकित (ओहायो)

कर्लीवरचा साहेब, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. लाकूड लांबीच्या दिशेने फार थोडे हलते, आडवे मात्र बरेच हलते. तरीही तीस-पस्तीस इंचांच्या अंतरावर तेवढी हालचालही खिळी अडकवायला पुरते, शिवाय सलग बार काढल्यावर नळी तापून लांबते ती वेगळीच. उपाय जुनाच आहे. नळीच्या खाली ज्या लोखंडी कड्या असतात, त्यांतील खिळीचे छिद्र गोल न ठेवता नळीच्या लांबीच्या दिशेने थोडे लांबट करायचे. खीळ लाकडात घट्ट, कडीत मात्र पुढे-मागे सरकण्याइतकी मोकळी. लाकूड आणि नळी मग आपापल्या गतीने हलतात. सस्केहाना, तुमच्या नळीवरील कड्या तपासा, आणि नव्या लावाव्या लागल्या तर हे विसरू नका.

आडव्या हालचालीचा त्रास लॉकला होतो. लॉकची खाच अगदी घट्ट कोरली, तर दमट दिवसांत लाकूड फुगून कमान आणि घोड्याच्या आतील भागांना घासते आणि चांगले लॉक सुस्तावते. पट्टीची कड लाकडात केसभरही फट न ठेवता बसली पाहिजे, पण आतल्या हलणाऱ्या भागांभोवती सगळीकडे मोकळी जागा हवी. इथेही काजळीच वापरावी. एकदा दस्त्यात बसवून लॉक चालवले, की कोणता भाग लाकडाला शिवतो ते लगेच दिसते. कोरून झाल्यावर आतल्या सर्व खाचांनाही तेलाचा हात द्यावा. बाहेरचा दस्ता आरशासारखा आणि आत कोरडे उघडे लाकूड, असे पुष्कळ ठिकाणी पाहायला मिळते, आणि दमटपणा शिरतो तो तिथूनच.

सस्केहाना (लँकेस्टर काउंटी, पेनसिल्व्हेनिया)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गारचकमक यांच्या सांगण्यावरून मी काल रात्रीच अंधारात लॉक चालवून पाहिले. ठिणग्या लालसर आणि थोड्याच पडतात, म्हणजे झडप मऊ असणार. ती कडक करून घेईन. त्यानेही समाधान झाले नाही, तरच नवे लॉक. दस्त्यासाठी खाच आणि गजाचे छिद्र केलेला शुगर मेपलचा ठोकळा घ्यायचे ठरवले आहे, आणि साधी 'शिमेल' करण्याची कल्पना मला फार आवडली. रंगछटा ताई, तुमची फडक्यांची सूचना मी कार्यशाळेच्या भिंतीवर लावली आहे.

एकच शंका उरते. दस्त्याची लांबी आणि खांद्यापाशी असलेला उतार कसा ठरवावा? जुन्या दस्त्याची मापे मला सोयीची नाहीत, आणि जुन्या बंदुकांची मापे बारीक चणीच्या माणसांसाठी असावीत असे वाटते.

रेषांकित (ओहायो)

लॉकबद्दलचा निर्णय योग्य आहे, पण लॉकची खाच कोरायला घेण्याआधी तो पक्का झालेला असू द्या. झडप कडक करून आणून, वाटीत रंजक घालून, जुन्याच दस्त्यावर बार काढून पाहा. तोपर्यंत नळी आणि टँग कोरण्याचे काम चालू ठेवता येईल, कारण ते कोणत्याही लॉकला सारखेच असते.

मापांसाठी जुना दस्ताच उपयोगी पडेल. त्याच्या टोकाला पुठ्ठ्याचे थर चिकटवून किंवा थोडे लाकूड कापून लांबी कमी-जास्त करून पाहा. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साडेतेरा ते चौदा इंच हे माप बहुतेक प्रौढांना चालते, पण हिवाळी शिकारीचे जाड जाकीट घालूनच ते ठरवावे, नाहीतर डिसेंबरात दस्ता काखेत अडकतो. गाल टेकतो ती कड रंध्याने थोडी थोडी उतरवत जा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. माशी (नळीच्या तोंडाजवळची नेम धरण्याची खूण) मागच्या खाचेत आपोआप बसलेली दिसली, की तो उतार तुमचा. माशी दिसतच नसेल तर कड अजून वर हवी, आणि ती खाचेच्या फार वर तरंगत असेल तर खाली. उजव्या खांद्यावरून नेम धरत असाल, तर दस्त्याचे टोक उजवीकडे पाव इंच वळते ठेवले की मान वाकवावी लागत नाही. अर्धवट कोरलेल्या दस्त्यात हे वळण देता येत नाही, चौकोनी ठोकळ्यात येते, आणि त्यासाठी ठोकळ्याच्या मागच्या भागाची रुंदी किमान अडीच इंच असल्याची खात्री मागणी नोंदवण्याआधी करून घ्या. नळीची खाच ७/८ इंचाच्या सरळ नळीसाठीच हवी, हेही विक्रेत्याला स्पष्ट लिहून कळवा, कारण त्यांच्याकडे मध्ये बारीक होणाऱ्या नळ्यांच्या खाचांचे ठोकळेच जास्त असतात.